काठी, डोंगर आणि सूर्याचा हिशोब: गोव्यातून कसा ठेवला असता?

डिचोलीकर:
घड्याळ नाही, छापील पंचांग नाही, पण पेरणी, यज्ञ, सण मात्र वेळेवर व्हायला हवेत. अशा काळात माणसाने सूर्याचा माग दोन रीतींनी काढला. एक म्हणजे जमिनीत काठी रोवायची आणि तिची सावली मोजायची. दुसरी म्हणजे रोज एकाच जागी उभं राहायचं आणि आज सूर्य कुठल्या डोंगराच्या कुठल्या खाचेतून वर आला ते लक्षात ठेवायचं.

माझं मत असं की दुसरी रीत जास्त जुनी आणि जास्त लोकांची. तिला उपकरण नको, गणित नको. पेरूच्या किनाऱ्यालगतच्या वाळवंटात चांकियो नावाची जागा आहे. तिथे सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका टेकडीच्या धारेवर तेरा बुरूज ओळीने बांधले. ओळ जवळजवळ 300 मीटर लांब. ठरलेल्या जागेवरून पाहिलं की वर्षभरातले सूर्योदय या टोकापासून त्या टोकापर्यंत बुरुजांमधून फिरतात, आणि कुठल्या फटीतून सूर्य आला यावरून दोन-तीन दिवसांच्या फरकाने तारीख कळते. 2021 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसास्थळ म्हणून जाहीर केलं.

आता आपलं बघा. गोव्यात पूर्वेला सह्याद्रीची रांग आहे, म्हणजे बुरूज निसर्गानेच बांधून दिलेत. आपल्या अक्षांशावर सूर्योदयाची जागा बरोबर पूर्वेपासून उत्तरेला साडेचोवीस अंशांपर्यंत आणि दक्षिणेलाही तेवढीच सरकते. एकूण 49 अंश. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण 10 अंश झाकते, म्हणजे जवळजवळ पाच मुठींचा पट्टा.

प्रश्न असा आहे: आपल्या ग्रंथांत शंकूची, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीची, सावली जागोजागी आहे, मग क्षितिजावरच्या खुणा का नाहीत? आणि गोव्यात राहणाऱ्या माणसाला दोन्हींपैकी कशाचा जास्त उपयोग झाला असता? अनुभव असतील तर जरूर लिहा.

पेडण्याचा_पोर:
वाचनखूण साठवली. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य कुठून उगवतो ते कोणी पाहिलं असेल तर त्यानेही लिहा :)

गणितमास्तर:
डिचोलीकर, विषय काढलात ते बरं झालं. पण शंकूला तुम्ही फार लवकर बाजूला सारलंत. थोडं सविस्तर लिहितो.

कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी मांडायच्या नियमांच्या जुन्या ग्रंथात, पूर्व दिशा काढायची रीत दिली आहे. सपाट जमिनीत शंकू रोवा, शंकूच्या उंचीएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत ज्या बिंदूतून वर्तुळात शिरते तिथे खूण करा. दुपारनंतर ती ज्या बिंदूतून बाहेर पडते तिथे दुसरी खूण. दोन्ही जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. सूत्र संपतं ते "सा प्राची" या शब्दांवर. होकायंत्र नाही, ध्रुवतारा नाही, डोंगरही नाही. यज्ञवेदी गंगेच्या सपाट खोऱ्यात मांडायची असेल तर डोंगराची खाच आणायची कुठून? तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं.

या रीतीत एक गंमत आहे. वर्तुळाची त्रिज्या काठीएवढी, म्हणजे सूर्य 45 अंशांच्या वर चढल्याशिवाय सावली आत येणारच नाही. गोव्यात डिसेंबरच्या अखेरीलाही मध्यान्हीचा सूर्य 51 अंशांवर असतो, त्यामुळे इथे ही रीत बाराही महिने चालते. उज्जैनला ऐन हिवाळ्यात काही आठवडे ती अडते. श्रीनगरला तर डिसेंबरात मध्यान्हीची सावलीसुद्धा काठीच्या दीडपटीहून लांब असते, तिथे मोठं वर्तुळच काढावं लागेल.

पुढे सूर्यसिद्धान्त या खगोलाच्या ग्रंथात शंकू बारा अंगुळांचा ठरला. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्हीला त्याची जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. पणजीची पलभा सव्वातीन अंगुळांहून किंचित जास्त, पुण्याची जवळजवळ बरोबर चार, उज्जैनची पाचाहून थोडी अधिक. पलभा कळली की गावाचा अक्षांश कळला. हे काम डोंगराकडे बघून होत नाही.

शीतकडी:
मध्यान्हीची सावली मोजायला गोंयकार भर दुपारी अंगणात येईल? ती वेळ शीतकडीची, आणि त्यानंतरची पाठ टेकायची. म्हणूनच आमच्या पूर्वजांनी डोंगर निवडला असणार. तो सकाळीच आटपतो.

राजांगण:
मास्तरांचा प्रतिसाद आवडला. सावली मोजायला काठीच लागते असं मात्र नाही. आमच्या जुन्या घराला राजांगण, म्हणजे घरातला उघडा चौक, होतं, मधोमध तुळस. आजी कधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची नाही. वळचणीची सावली तुळशीवृंदावनाच्या कुठल्या पायरीवर आली यावर तिचं आधण चढायचं. उत्तरेकडच्या एका खांबावर कोयत्याने मारलेल्या रेघा होत्या, वरची आणि खालची. थंडीत ऊन खांबावर वर चढतं आणि उन्हाळ्यात खाली उतरतं, म्हणून दोन टोकांच्या दोन रेघा. त्या कोणी मारल्या ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण "उन्हानं वरची रेघ गाठली, आता दिवस मोठा होणार" हे ती न चुकता सांगायची.

घर पाडलं तेव्हा खांबही गेला. फोटो नाही याचं आजही वाईट वाटतं. कोणाच्या घरी अजून राजांगण उघडं असेल, वर पत्रे घातले नसतील, तर कृपा करून खांबांवर अशा रेघा आहेत का बघा.

फोंड्याची_ताई:
@राजांगण, आमच्याकडे वर पत्रे आले आणि त्याबरोबर सगळं गेलं. पण देवळासमोरच्या दीपस्तंभाची सावली अजून आहे की! उंच, उभा, हलणार नाही असा शंकू आपल्या गावोगावी आयता उभा आहे. मुलांना घेऊन अंगणातल्या फरशांवर खडूने टोकाच्या खुणा करायला काय हरकत आहे?

कुळागर:
देवळांचा विषय निघालाच आहे तर तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ विसरू नका. कदंबांच्या काळातलं, पूर्वाभिमुख, अनमोड घाटाच्या पायथ्याशी. उगवत्या सूर्याचे पहिले किरण थेट गाभाऱ्यात पडतील असंच ते बांधलं आहे, असं लहानपणापासून ऐकत आलोय. डिचोलीकरांच्या क्षितिजखुणांचं याहून चांगलं उदाहरण गोव्यात मिळणार नाही.

गणितमास्तर:
@कुळागर, देऊळ पूर्वाभिमुख आहे हे खरं आणि ते अतिशय सुंदर आहे हेही खरं. पण पूर्वाभिमुख देवळं देशभर आहेत. एवढ्यावरून ते सूर्याच्या एखाद्या ठरावीक दिवसासाठी बांधलं असं म्हणता येत नाही. आणि तिथे पूर्वेला डोंगर आहेत, त्यांचा हिशोब धरावा लागतो.

समजा पूर्वेचा डोंगर नजरेच्या पातळीपासून 10 अंश वर उठला आहे. गोव्यात सूर्य सरळ उभा चढत नाही, दर अंशामागे पाव अंशाहून थोडा जास्त दक्षिणेकडे कलत जातो. 10 अंश चढेपर्यंत तो पावणेतीन अंश दक्षिणेला गेलेला असतो. म्हणजे विषुवदिनी तो डोंगरावर डोकावेल तेव्हा बरोबर पूर्वेला नसेल. बरोबर पूर्वेला डोकावलेला पाहायचा असेल तर 27 मार्चच्या आसपास जावं लागेल, किंवा 16 सप्टेंबरच्या. एका डोंगरापायी आठवडाभराचा फरक! शिवाय दरवाजा रुंद असला की किरण एकाच दिवशी नव्हे, पुष्कळ दिवस आत येतात. तेव्हा तिथे जाऊन डोंगराची उंची अंशांत मोजा, दाराची दिशा मोजा, मग बोलू.

कुळागर:
मास्तर, श्रद्धेच्या गोष्टीला कोनमापक लावायलाच हवा का?

फोंड्याची_ताई:
लावलं तर बिघडतं कुठे? कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव बघा. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, मग 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीचे किरण पायांपासून मुखापर्यंत चढतात. आमच्या घरची माणसं दरवर्षी जातात. आता या तारखा मोजा. 10 नोव्हेंबरपासून 21 डिसेंबर 41 दिवस, आणि 21 डिसेंबरपासून 31 जानेवारीही 41 दिवसच. सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाताना ज्या बिंदूवर मावळतो, परत येताना तितक्याच दिवसांनी त्याच बिंदूवर मावळतो. हे कळल्यावर माझी भक्ती कमी झाली नाही, उलट ज्याने तो मार्ग राखला त्याच्यापुढेही हात जोडावेसे वाटले. आणि वाटेतल्या बांधकामांमुळे किरण अडतात तेव्हा जास्तच जीव तुटतो.

कुळागर:
ताई, मुद्दा पटला. पुढच्या मार्चअखेरीला सुर्ल्याला जायचा बेत करतो. कोनमापक मास्तरांनी आणावा.

सांगेची_सून:
ताईंनी दिलेल्या तारखांतच अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून मागे वळतो ते टोक, शोधायची खरी रीत आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. थोडं लिहिते.

लोक समजतात की सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचला तो दिवस डोंगराकडे बघून लगेच कळतो. तसं होत नाही. मार्चमध्ये सूर्योदयाची जागा रोज जवळजवळ 0.4 अंश सरकते, म्हणजे दीड दिवसाच्या आत सूर्य स्वतःच्या रुंदीइतका हलतो, डोळ्यांना स्पष्ट दिसतं. पण झोपाळा टोकाला जाऊन थबकतो तसा तो डिसेंबरात थबकतो. 21 डिसेंबरच्या दहा दिवस आधीची जागा आणि त्या दिवशीची जागा यांत सूर्यबिंबाच्या रुंदीएवढाही फरक नसतो. मग करायचं काय? टोकाच्या बरंच अलीकडे एक ठळक खाच धरायची. सूर्य तिथून जाताना दिवस मोजायला लागायचं, परत त्याच खाचेत आला की थांबायचं, आणि आकड्याचे दोन भाग करायचे. मधला दिवस तो अयनाचा.

आणि डिचोलीकर, आपल्या ग्रंथांत क्षितिज नाही असं कसं म्हणता? कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सूर्य सहा महिने उत्तरेला जातो, थांबतो, मग सहा महिने दक्षिणेला जातो असं वर्णन आहे. "थांबतो" हे रोज सूर्योदय बघणाऱ्याचं निरीक्षण आहे. बुरूज बांधले नाहीत म्हणून बघणारे नव्हते असं होत नाही. अमेरिकेतल्या होपी लोकांनीही बुरूज बांधले नाहीत. त्यांच्यातला सूर्य पाहणारा माणूस डोंगररांगेवरच्या खुणा पाठ ठेवायचा आणि त्यावर पेरण्या व सण ठरायचे.

पेडण्याचा_पोर:
मग संक्रांत 14 जानेवारीला का? तिळगूळ तीन आठवडे उशिरा वाटतोय का आपण?

सांगेची_सून:
@पेडण्याचा_पोर, तिळगूळ वेळेवरच आहे :) संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि राशी ताऱ्यांवरून धरलेल्या. पृथ्वीचा अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे दर 72 वर्षांनी ताऱ्यांचा हिशोब ऋतूंपासून एका अंशाने सरकतो. कधी काळी उत्तरायण आणि मकरप्रवेश एकत्र होते, आता 24 अंशांचं अंतर पडलंय. काठी आणि डोंगर या दोघांना तारे माहीत नाहीत, म्हणून ते 21-22 डिसेंबरच सांगतात.

कुशावती:
एक वेगळा मुद्दा. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडात कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, आणि तो मोठा चक्रव्यूह. माझी खात्री आहे की तो चक्रव्यूह म्हणजे सूर्याच्या वर्षभराच्या फिरण्याचा नकाशा आहे. मध्ये काठी उभी केली की वळणांवर सावली पडून महिने कळणार.

मांडवीकाठ:
@कुशावती, त्या जागेवर तुमच्याइतकंच माझंही प्रेम आहे. पण गोल दिसला की कालगणना, असं धरायला लागलो तर गोव्यातलं प्रत्येक जातं पंचांग ठरेल. काठीच्या सावलीचं टोक दिवसभरात जी रेघ काढतं ती विषुवदिनी सरळ असते आणि इतर दिवशी बाकदार. एकात एक गुंफलेली वर्तुळं ती कधीच काढत नाही. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजचं उदाहरण घ्या. पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी कबर. दारावर वेगळी झरोक्याची पेटी बांधली आहे, आणि हिवाळ्याच्या सर्वांत लहान दिवसांत सकाळी त्यातून ऊन आत शिरून सुमारे 17 मिनिटं आतली खोली उजळतं. तिथे शंकेला जागा राहत नाही, कारण त्या झरोक्याला दुसरं काही काम नाही. असा एखादा पुरावा उसगाळीमळला मिळाला तर सर्वांत आधी पेढे मी वाटेन.

कुशावती:
तुमचा आक्षेप कळला, तरी माझं मत मी सोडत नाही. हिवाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे बसून सावल्यांचे फोटो घेणार आहे. जे दिसेल ते इथेच टाकीन.

मांडवीकाठ:
हे उत्तम. मीही येतो.

पश्चिमेबद्दल थोडं, कारण सगळे सह्याद्रीकडेच बघताहेत. समुद्राच्या क्षितिजावर खूण नाही, पण बाजूला आहेत. मिरामारच्या वाळूत रोज एकाच जागी उभं राहा. उन्हाळा चढत जातो तसा मावळता सूर्य उजवीकडे अग्वादच्या डोंगराकडे सरकतो. डिसेंबरात तो डावीकडे काबोच्या बाजूला येतो, पण तिथवर पोचत नाही, मोकळ्या पाण्यातच बुडतो. आणि समुद्राचा मोठा फायदा म्हणजे क्षितिज सपाट. मास्तरांचा तो डोंगराच्या उंचीचा हिशोब इथे करावाच लागत नाही.

शीतकडी:
आणि संध्याकाळची वेळ. पश्चिमेला माझं मत.

गणितमास्तर:
काठीवर एक खरा आक्षेप आहे, तो अजून कोणी घेतला नाही म्हणून मीच मांडतो. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीचं टोक धूसर होतं. एक मीटर अंतरावर जवळजवळ एक सेंटिमीटरचा धूसर पट्टा. काठी उंच केली तर सावली लांब होते, पण धूसरपणाही त्याच प्रमाणात वाढतो. चीनमध्ये तेराव्या शतकात ग्वो शोउजिंग याने यावर तोड काढली. गाओचेंगला त्याची वेधशाळा अजून उभी आहे. उंचावर एक आडवी दांडी, आणि जमिनीवर सुमारे 31 मीटर लांबीची दगडी मोजपट्टी. पट्टीवर तो बारीक भोक असलेला पातळ पत्रा सरकवायचा. भोकातून सूर्याची इवलीशी प्रतिमा पडायची आणि तिच्या बरोबर मध्ये दांडीची केसासारखी रेघ दिसायची. त्या काळी त्याच्या पंचांगात वर्ष 365.2425 दिवसांचं धरलं होतं. तीनशे वर्षांनी युरोपने जे ग्रेगोरियन वर्ष स्वीकारलं ते नेमकं एवढंच.

फोंड्याच्या ताईंनी दीपस्तंभ वापरला तर हा भोकाचा कागद जरूर करून बघा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडलं की झालं.

आजोबांचं_शेत:
इतका वेळ नुसता वाचत होतो. शेतकऱ्याच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे वडीलमंडळी रोहिणी, मृग, आर्द्रा यांवर चालतात. मृग 7-8 जूनला लागतो, दरवर्षी. अमावास्या-पौर्णिमेचे सण मागेपुढे होतात, हा होत नाही, कारण तो चंद्राचा नव्हे, सूर्याचा हिशोब आहे. सूर्य त्या नक्षत्रात गेला असं आपण म्हणतो, पण सूर्यासोबत असलेलं नक्षत्र दिसत नाही. मग आधीच्या पहाटे कुठलं नक्षत्र वर आलं ते बघून अंदाज बांधायचा. म्हणजे तिसरीही रीत आहे: काठी, डोंगर, आणि पहाटेचे तारे. पाऊस तोंडावर आला की डोंगर धुरकट होतो, ढगांत सावली विरते. मग आधीच्या रीतीने धरलेले दिवस बोटांवर मोजायचे.

डिचोलीकर:
सगळ्यांचे आभार. आजोबांचं_शेत यांच्या प्रतिसादानंतर मूळ प्रश्नाकडे पुन्हा येतो.

पहिल्याच प्रतिसादात पेडण्याच्या पोराने पावसाचं विचारलं होतं. मला आता तोच कळीचा मुद्दा वाटतो. उत्तरेचं टोक सूर्य 21 जूनला गाठतो, पण गोव्यात पाऊस साधारण 5 जूनच्या सुमारास पोचतो. म्हणजे ते वळण इथे दिसणं कठीण. दक्षिणेचं टोक मात्र डिसेंबरच्या स्वच्छ आकाशात सापडतं, आणि सांगेच्या सुनेने सांगितलेली खाच धरायची रीत तिथे उत्तम लागू पडेल.

पेरणीच्या आधीची खूण हवी असेल तर माझं झुकतं माप आता काठीकडे आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावरून जातो, काठीची सावली पायाशी नाहीशी होते, आणि दुसऱ्या दिवसापासून मध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडायला लागते. पावसाच्या साधारण महिनाभर आधी. याला खाच नको, गणित नको, उभ्या केलेल्या कुठल्याही खांबावर ते दिसतं. अर्थशास्त्रात कौटिल्याने आषाढात मध्यान्हीची छाया नष्ट होते असं लिहिलंय, ते कर्कवृत्ताजवळच्या प्रदेशाला लागू. गोव्यात आषाढात बारा अंगुळांच्या शंकूची सावली दीड अंगुळाच्या वर दक्षिणेला असते, ऊन पडलंच तर. ज्याने त्याने आपल्या गावाचा हिशोब आपणच मांडायला हवा.

तेव्हा माझं उत्तर: डिसेंबरला डोंगर, मे महिन्याला काठी.

कुळागर:
आणि मे महिन्यात हुर्राक (काजूची दारू) पोटात असेल तर सावली दोन्हीकडे पडते, तीही नोंद घ्या.

सांगेची_सून:
मला पूर्ण पटत नाही. मे महिन्यातही सूर्योदयाची जागा रोज 0.3 अंश सरकत असते, म्हणजे डोंगर तेव्हाही काम देतो. धुरकटपणा असला तरी सांग्याहून पूर्वेची रांग इतकी जवळ आहे की तिची धार दिसतेच. किनाऱ्यावरच्या माणसाला काठी, डोंगराकडेच्या माणसाला डोंगर, असं म्हणेन.

राजांगण:
हे जास्त बरोबर वाटतं.

फोंड्याची_ताई:
मुलांसोबत सावली नाहीशी होण्याचा दिवस पाहायचा आहे. फोंड्यात नेमका कधी? आणि घड्याळात बारा वाजता ना?

गणितमास्तर:
ताई, बारा वाजता नाही. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आहे आणि आपण 74 अंशांच्या आसपास, म्हणून मध्यान्ह अर्ध्या तासाहून जास्त उशिरा होते. मेच्या सुरुवातीला ती साधारण 12 वाजून 32 मिनिटांनी. वर्षभरात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:18 पासून फेब्रुवारीत 12:49 पर्यंत मागेपुढे होते.

तारीख गावागणिक बदलते. काणकोणला 1 मेच्या सुमारास, फोंडा-पणजीला 2-3 मे, पेडण्याला 3 मे, आणि तुमच्या कोल्हापूरला 6-7 मे. ऑगस्टमध्ये सूर्य परत येताना उलटा क्रम: पेडणं आधी, साधारण 9-10 ऑगस्ट, आणि काणकोण 12 च्या आसपास, पण तेव्हा ढगांचं काही सांगता येत नाही. काठी ओळंबा लावून उभी करा. काठी नसेल तर सपाट फरशीवर पाण्याची बाटली चालेल. साडेबाराच्या आधी दहा मिनिटं पोचा म्हणजे सावली आखडताना दिसेल.

पेडण्याचा_पोर:
म्हणजे 3 मेला पेडण्यात 12:32. ओळंबा काकांकडून आणतो. ताई, तुम्ही आदल्या दिवशी फोंड्यात पाहिलंत तर फोटो इथे टाका, मी दुसऱ्या दिवशी इथला टाकतो.